आज धरून

शाळेला दोन जिने होते, आणि फोनवर बोलताना अंजना मॅडमना त्यातला एकच आठवला.

"फाटकातून आत आलात की जिना. वर चढलात की डाव्या हाताची शेवटची खोली. रविवारी सकाळी अकरा," असं त्यांनी जिनेशला सांगितलं होतं. अंजना मॅडम एका दवाखान्यात समाजसेविका होत्या. ज्यांचं मूल अचानक गेलंय अशा आईबापांना त्या दर रविवारी एकत्र बसवायच्या. दवाखान्यात बोलावलं की नुसत्या त्या वासानं माणसं दारातून माघारी फिरायची, म्हणून शहरातल्या एका जुन्या शाळेतली खोली त्यांनी मागून घेतली होती. बाकं, फळा, भिंतीवरचे पाढे, मूल गेलेल्या माणसाला हेही बघवत नाही, हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. पण दुसरी जागा कुणी दिली नाही.

जिनेश कसबा बावड्याचा. साखर कारखान्याच्या रस्त्याला त्याचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान. शेतातल्या पंपांच्या जळालेल्या मोटारी त्याच्याकडं यायच्या. जळकं तांबं उपटून काढायचं आणि नवी तार वेढे मोजत भरायची, हे त्याचं काम. बासष्ट वेढे म्हणजे बासष्टच. हाताला मोजायची इतकी सवय, की गिऱ्हाइकाशी गप्पा मारतानाही आकडा चुकायचा नाही. पण एकवीस नोव्हेंबरपासून त्याचे आकडे मधेच सुटायला लागले होते.

त्या दिवशी सकाळी शाळेत प्रार्थनेला उभी असताना त्याची मुलगी ऐश्वर्या पटांगणात खाली बसली, आणि मग आडवी झाली. चौथीतली पोर, नऊ वर्षांची. सकाळी दोन थालीपीठं खाऊन, तिसऱ्यासाठी भांडून गेलेली. डॉक्टर म्हणाले, हृदयात जन्मापासून दोष होता, कुणाच्या लक्षात येण्यासारखा नव्हता. जिनेशनं ते तीनदा समजून घेतलं. तिन्ही वेळा कळलं, आणि दवाखान्याच्या पायऱ्या उतरेपर्यंत पुन्हा कळेनासं झालं.

घरात तिघं उरली. तो, त्याची बायको प्रियदर्शनी आणि त्याची आई. आईला सगळी गल्ली आक्का म्हणायची, म्हणून तोही आक्काच म्हणायचा. आक्का माळ ओढत बसायच्या आणि सुनेला हुंदका आला की म्हणायच्या, "रडू नगं बाई. जीव कवाच दुसरीकडं जल्माला गेला. आपुन रडून आपल्यालाच कर्म बांधून घ्यायचं." अंजना मॅडम फोनवर अगदी उलट म्हणाल्या होत्या, "त्यांना रडू द्या, अडवू नका." आता दोघींचं ऐकायचं तर माणसानं करायचं काय? जिनेशला उमगेना. प्रियदर्शनीनं आपल्यापुरता मधला मार्ग काढला होता. ती रडायची थांबली, आणि जेवायचीही थांबली.

"तुम्ही एकदा जाऊन बघून या की," ती म्हणाली, बावड्याकडच्या बायका बोलतात तशी, 'येतो-जातो' करत. "बरं असलं तर मी पण येतो."

डिसेंबरातल्या तिसऱ्या रविवारी जिनेश शाळेत गेला. फाटकासमोरच्या जिन्याच्या तोंडाशी क्रिकेट खेळायला आलेल्या पोरांनी मोटारसायकली आडव्या लावून वाट बुजवली होती. पाण्याच्या टाकीमागं दुसरा जिना दिसला. तो त्यानं वर चढला, डावीकडं वळला आणि शेवटच्या खोलीत शिरला.

खोलीत पंचवीसेक बाया-माणसं लहान मुलांच्या बाकांवर गुडघे छातीशी घेऊन बसली होती. चेहरे उतरलेले. कुणी कपाळाला हात लावलेला. इतक्या घरांत असं झालंय, हे बघून जिनेश दारातच थांबला. कडेच्या बाकावरच्या एका धिप्पाड माणसानं उठून त्याला आत जागा करून दिली.

"या पावणं, बसा. मी केरबा. तुमचं पोरगं का पोरगी?"

"पोरगी."

"कितवीत?"

"चौथीत," जिनेश म्हणाला. 'होती' हा शब्द त्याच्या तोंडून निघाला नाही.

"आमचं बी चौथीतच." केरबानं मोठा सुस्कारा टाकला. "काय करायचं सांगा. मंडळी चार-चार दिस धड बोलत न्हाईत माझ्यासंगं. म्हणत्यात, तुमीच लक्ष दिलं न्हाईसा."

जिनेशला हे फार जवळचं वाटलं. "असं कुणाच्या हातात असतंय व्हय," तो म्हणाला.

"न्हाय की! पन बायकांना सांगणार कोन? मी तर आता देवावर सोडलंय बघा."

"मग... कसं वाटतंय आता?"

"वाटायचं काय? भागाकार आला की रडतंय!"

जिनेश त्याच्याकडं बघतच राहिला. तेवढ्यात पांढरी टोपी घातलेले, शर्टाच्या खिशात खडू ठेवलेले एक म्हातारे गृहस्थ आत आले आणि फळ्यावर ठसठशीत अक्षरात त्यांनी लिहिलं, 'शिष्यवृत्ती परीक्षा, पालक वर्ग'.

ते अण्णासो गुरुजी. चाळीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झालेले. परीक्षेला बसणाऱ्या पोरांच्या आईबापांना, घरी पोरांचा अभ्यास कसा घ्यावा, हे ते रविवारी फुकट शिकवायचे.

जिनेश उठणारच होता. पण तो बाकाच्या भिंतीकडच्या टोकाला, आणि केरबा उठल्याशिवाय त्याला बाहेर पडता येत नव्हतं. इतक्यात फिरत फिरत एक कागद त्याच्यापुढं आला. वर लिहिलं होतं, 'विद्यार्थ्याचे नाव'. गेल्या महिन्याभरात त्यानं पोरीचं नाव कितीतरी कागदांवर घातलं होतं, आणि त्या प्रत्येक कागदावर रकाना होता 'मयताचे नाव'. तो या कागदाकडं बघत बसला.

"लिवा की पावणं, मागं लोक थांबल्यात," केरबानं कोपर मारलं.

जिनेशनं लिहिलं. ऐश्वर्या. इयत्ता चौथी. मग तो काही उठला नाही.

गुरुजी सांगत होते, "मला पोरांची बरोबर गणितं दाखवू नका. बरोबर गणितं सगळ्यांची सारखी असतात, त्यातनं पोर कळत नाही. चुकलेली आणा. वही आणा. चूक बघितली की मला कळतं, पोरगं कुठल्या वाटेनं चाललंय. आणि घरी सांगा, जे सुटत नाही त्यावर अडून बसायचं नाही. खूण करायची, पुढं जायचं. वेळ उरला की परत यायचं."

जैनांचं घर, दिवस मावळायच्या आत जेवणं उरकायची पद्धत. त्या संध्याकाळी ताट वाढताना प्रियदर्शनीनं विचारलं, "काय म्हणाले तिथं?"

जिनेशला खोटं बोलायचं नव्हतं, आणि खरं काय सांगायचं हेही सुचेना. त्यानं जे ऐकलं होतं ते सांगितलं. "म्हणाले, जे सुटत नाही त्यावर अडून बसू नका. खूण करून पुढं जावा. वेळ उरला की परत या."

"शहाणा माणूस दिसतोय," प्रियदर्शनी म्हणाली, आणि तिनं अर्धी भाकरी खाल्ली. आक्कांनी माळ थांबवून सुनेच्या ताटाकडं बघितलं, मग मुलाकडं.

ती अर्धी भाकरी जिनेशला फार महागात पडली. आता 'मी चुकीच्या खोलीत बसलो होतो' असं तो कुठल्या तोंडानं सांगणार?

पुढच्या रविवारी फाटकासमोरच्या जिन्यानंच चढायचं, असं त्यानं ठरवलं होतं. तरी निघताना, प्रियदर्शनी आंघोळीला गेल्याचं बघून, तो माळ्यावर चढला. शाळेतून आलेलं दप्तर आक्कांनी तिथं ठेवून दिलं होतं. त्यातून गणिताची वही काढून त्यानं स्कूटरच्या डिकीत घातली. कशाला घेतली, हे त्याला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

त्या दिवशी मोटारसायकली नव्हत्या. समोरचा जिना मोकळा होता. एक बाई पदरानं तोंड झाकून सावकाश वर चढत होती. जिनेशनं पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

"ओ पावणं! तिकडं कुठं? वर्ग हिकडं हाय की!" टाकीपाशी तोंड धूत केरबा ओरडत होता.

पाय माघारी आला.

गुरुजींनी वही हातात घेतली आणि घाई न करता एकेक पान उलटलं. लहान मुलाशी बोलावं तसं ते वहीशीच बोलत होते. "हां. जुलैमधे हातचा विसरतेय. बरं. गणेशोत्सवापर्यंत हातचा जमला, मग उसना घ्यायला चुकतेय. बरोबर, असंच होतं. आणि ही बघा ही." त्यांनी एका गणितावर बोट ठेवलं. 'आज पाच तारीख आहे. बारा तारखेला जत्रा आहे. जत्रेला किती दिवस राहिले?' खाली ऐश्वर्यानं लिहिलं होतं, आठ.

"सात पाहिजे. पण ही आजचा दिवस पण मोजते. आजचा दिवस सोडायला तयार नाही पोरगी." गुरुजी खुशीत हसले. "गोड चूक आहे. हिला मी तारखांचीच गणितं देतो. आठ. पुढल्या रविवारी सोडवून घेऊन या."

जिनेशला एकदम आठवलं. शिरोळला मामाकडं जायचं ठरलं की ऐशू रोज बोटं मोडत सांगायची, "पप्पा, आज धरून पाच दिवस!" आणि तो म्हणायचा, "आज कशाला धरतीस? आज तर चाललाय की." "चाललाय, पण संपलाय कुठं?" हे तिचं उत्तर.

त्या आठवड्यात तो दुकान तासभर आधी उघडायला लागला. शटर अर्धं वर करून, तारेच्या रिळांमधे बसून, पेन्सिलीनं तो ती आठ गणितं सोडवायचा. तिच्यासारखं अक्षर काढायचा. पाचाचं पोट मोठं, आठाला वरून शेपूट. आणि प्रत्येक उत्तरात एक दिवस जास्त. मोटारीत एक वेढा जास्त पडला तर सगळं उपटून काढणारा माणूस, इथं मात्र जाणूनबुजून एक जास्त मोजत होता आणि त्याला बरं वाटत होतं. गुरुजींची आठ संपली तरी हात थांबायचा नाही. 'नंतर चित्र काढीन' म्हणून ऐशूनं मधे मधे पानं कोरी सोडली होती, काही गणितं निम्म्यातच टाकली होती. तो तीही भरत गेला.

असे रविवार जात राहिले. केरबा त्याला जागा धरून ठेवायचा. त्याचं पोरगं, आदर्श, भागाकाराला रडायचं थांबलं होतं आणि आता अपूर्णांकाला रडत होतं. "नुसतं नाव आदर्श ठिवलं म्हणून काय हुतंय," केरबा म्हणायचा, "माझं नाव केरबा हाय म्हणून मी काय केर काढत बसतोय?" सगळा वर्ग हसायचा. जिनेशही हसायचा, आणि हसल्यावर त्याला कुठल्या खोलीत आहोत हे क्षणभर कळायचं नाही.

घरी संध्याकाळी तो रोजच्यासारखं सांगायचा. "म्हणाले, घाई करू नका." "म्हणाले, दुसऱ्याच्या घराशी बरोबरी करू नका, प्रत्येकाचा वेग वेगळा." "म्हणाले, आधी आपण शांत बसायचं, मग घर शांत बसतंय." प्रियदर्शनी ऐकत राहायची. ती आता एक भाकरी खायला लागली होती. एकदा तर तिनं आक्कांनाच सांगितलं, "आक्का, प्रत्येकाचा वेग वेगळा असतोय. तुमचं झालं असंल रडून, माझं अजून व्हायचंय." आक्का माळ घेऊन मागच्या दारी जाऊन बसल्या.

चौथ्या रविवारी वर्ग सुटल्यावर गुरुजी म्हणाले, "तुमच्या पोरीला एकदा घेऊन या की. मला भेटायचंय तिला."

"आणतो," जिनेश म्हणाला.

शब्द असा सहज गेला, की घरी येईपर्यंत त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. दारात चपला काढताना तो आत बघून म्हणालासुद्धा, "अगं, पुढच्या रविवारी ऐशूला..." आणि थांबला. प्रियदर्शनी पोळपाट हातात घेऊन दारात आली. "ऐशूला काय?"

"ऐशूबद्दल सांगायचंय तिथं. सगळ्यांना सांगावं लागतं."

"मग सांगा की," ती हळूच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात त्यानं ऐशूनं मधेच कोरं सोडलेलं एक पान उघडलं. त्या पानावर पेन्सिलीचं टोक दोनदा मोडलं. तो टोक करून पुन्हा लिहीत राहिला. आपण काय करतोय, याचा पत्ता त्याला लागेना. वही संपत आली होती, आणि मागं चारच पानं उरली होती.

पाचव्या रविवारी गुरुजी म्हणाले, "पोरगी आली नाही होय? बरं, वही ठेवून जा. निवांत बघतो घरी."

जिनेशला नाही म्हणता आलं नाही.

आणि त्याच संध्याकाळी प्रियदर्शनी म्हणाली, "पुढच्या रविवारी मी पण येतो."

जिनेशचा घास हातातच राहिला.

"वेळ उरला की परत या, असं म्हणाले होते ना ते?" ती म्हणाली. "मी परत यायचं बघतो. तिचं दप्तर खाली काढतो. तिचं काहीतरी हातात घेऊन तिथं बसावं वाटतंय."

मंगळवारी तिनं दप्तर काढलं. कंपास, डबा, मराठीचं पुस्तक, केसांची पिवळी रबरं. गणिताची वही नव्हती.

"शाळेत राहिली असंल," जिनेश म्हणाला. बुधवारी ती शाळेत जाऊन आली. बाईंनी कपाटं उघडून दाखवली. गुरुवारी तिनं माळा झाडला. "सगळ्यांत जास्त तिनं त्याच वहीत लिहिलंय हो," ती सारखी म्हणत होती. "मी तिला ओरडायचो, कागदाला भाला मारतीस का म्हणून." जिनेश रोज सकाळी ठरवायचा, आज सांगायचं. रोज संध्याकाळी ताटावर बसल्यावर तिच्याकडं बघायचा आणि वाटायचं, ही आत्ता कुठं जेवायला लागलीय.

रविवार उजाडला. निघताना आक्का म्हणाल्या, "जावा. पन लई रडून येऊ नगा." आणि मग सुनेच्या हातात एक घडी केलेला हातरुमाल कोंबून त्या आत गेल्या.

शाळेच्या फाटकात स्कूटर लावून जिनेश उभा राहिला. समोर एक जिना, टाकीमागं दुसरा. बायकोला कुठल्या जिन्यानं न्यायचं, हे त्याला ठरवता येईना. खऱ्या खोलीत त्याला कुणी ओळखत नव्हतं. ज्या खोलीत सगळे ओळखत होते, तिथं त्याची पोरगी जिवंत होती.

"चला की," प्रियदर्शनी म्हणाली. "कुठून जायचं?"

"आलात का? तुमचीच वाट बघत होतो." टाकीच्या कट्ट्यावर अण्णासो गुरुजी बसले होते. त्यांनी कापडी पिशवीतून वही काढली. निळं कव्हर, त्यावर मोरपिसाचं स्टिकर.

प्रियदर्शनीनं वहीकडं बघितलं, नवऱ्याकडं बघितलं, आणि तिथंच थांबली.

"आई का तुम्ही? बरं झालं," गुरुजी म्हणाले. "मला एक विचारायचंय. पोरगी आजारी आहे का? हे बघा. पोरांच्या चुका वाढतात हो, पोरांबरोबर. एक सुटली की दुसरी येते. हिच्या तशाच होत्या. ही वीस नोव्हेंबरची चाचणी. तारखांची चार गणितं, त्यातली दोन बरोबर. म्हणजे आजचा दिवस सोडून मोजायला ती शिकायला लागली होती. अजून आठ दिवसांत पुरतं जमलं असतं. आणि त्यानंतर मी दिलेली चोवीस गणितं. चोवीसच्या चोवीस एकाच चुकीनं चुकलेली." ते थांबले. "इतक्या इमानानं पोरं चुकत नाहीत. इतक्या इमानानं चुकतं ते मोठं माणूस. नोव्हेंबरात काय झालं?"

टाकीचा नळ ठिबकत होता.

"ती नाही, गुरुजी," जिनेश म्हणाला. "एकवीसला गेली. पुढचं सगळं मी लिहिलंय."

गुरुजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली. प्रियदर्शनीला मात्र अजून काही उलगडत नव्हतं. "हे कोण?" तिनं विचारलं. "हे तिथले डॉक्टर का? 'सुटत नाही त्यावर अडून बसू नका' म्हणालेले?"

"ते मी चौथीच्या पोरांना सांगतो, बाई," गुरुजी म्हणाले. "शिष्यवृत्तीसाठी."

"शिष्यवृत्ती?"

जिनेशनं तिला सगळं सांगितलं. मोटारसायकली, केरबा, कागदावरचा रकाना, दुकानातल्या सकाळी. नीट क्रमानं नाही, जसं तोंडात येईल तसं. ती ऐकत होती आणि तिच्या चेहऱ्यावर एकदा हसू फुटल्यासारखं झालं, एकदा त्याला मारेल असं वाटलं. "म्हणजे मी महिनाभर," ती म्हणाली, "परीक्षेच्या सूचना पाळत जेवलो?"

"चूक झाली," जिनेश म्हणाला.

"द्या ती वही."

तिनं कट्ट्यावर बसून पानं उलटली. एक, दोन, दहा. मग तिचा आवाज बदलला. "यातलं तिचं कुठलं?"

जिनेश वाकून बघायला लागला. तिचं अक्षर त्यानं इतकं गिरवलं होतं, की कोरी सोडलेली पानं कुठली आणि भरलेली कुठली, हे आता त्यालाच सांगता येईना. "हे माझं... नाही, हे बहुतेक तिचं."

"माझी गणितं मी ओळखतो," गुरुजी म्हणाले. "मधली ही कुणाची, मला नाही सांगता यायचं."

"तुम्ही तिला पुसून टाकलंसा," प्रियदर्शनी म्हणाली. ओरडून नाही, साधंच म्हणाली. आणि आक्कांचा रुमाल तोंडावर धरून ती रडायला लागली. दोन महिन्यांचं साठलेलं. वर जाणारे पालक थबकून बघत होते. केरबा त्यातच होता. तो पुढं आला, काय झालंय त्याला कळलं नाही. त्यानं टाकीतून तांब्याभर पाणी काढून तिच्यापाशी ठेवलं आणि लोकांना म्हणाला, "चला, वर चला. काय बघताय?"

रडणं ओसरल्यावर तिनं वही पुन्हा मांडीवर घेतली. एक पान उलटताना तिचा अंगठा पानाच्या मागच्या बाजूला लागला आणि थांबला. तिनं पान परतून परत अंगठा फिरवला. मग पुढचं पान, मग त्याच्या पुढचं.

"हे तिचं," ती म्हणाली. "मागं उमटलंय. भाला मारायची ना." पुढचं पान. "हे तुमचं. गुळगुळीत आहे."

गुरुजी उठले. "मी येतो तुमच्याबरोबर, त्या जिन्यापर्यंत," ते म्हणाले. समोरच्या जिन्याच्या पहिल्या पायरीपाशी ते थांबले. "वर्ग थांबलाय माझा," एवढंच म्हणून ते वळले.

वर डाव्या हाताच्या शेवटच्या खोलीत सातआठ माणसं गोल करून बसली होती. त्या दिवशीची पदर घेतलेली बाईही होती. अंजना मॅडम उठून दारापर्यंत आल्या.

"जिनेश ना? पाच रविवार वाट बघितली मी. मला वाटलं, नकोच वाटत असेल."

"मी येत होतो," जिनेश म्हणाला. "पलीकडं बसत होतो."

"पलीकडं तर तो शिष्यवृत्तीचा..." मॅडम बोलता बोलता थांबल्या. त्यांनी दोन बाकं जोडून दिली.

तिथं कुणी काही सांगायला लावलं नाही. एक गृहस्थ आपल्या मुलाबद्दल बोलत होते, अडखळत, एकच गोष्ट दोनदा. नंतर मॅडमनी नुसतं विचारलं, "किती दिवस झाले तुम्हाला?"

"पासष्ट," जिनेश म्हणाला. त्याला हा आकडा रोज माहीत असायचा.

"आज धरून सहासष्ट," प्रियदर्शनी म्हणाली. कुणाला त्याचा अर्थ कळला नाही, आणि तिनं तो सांगितला नाही.

बोलणं पुन्हा त्या गृहस्थांकडं गेलं. प्रियदर्शनीच्या मांडीवर वही उघडी होती आणि तिचा अंगठा एकेक पानामागून फिरत होता. जी पानं उमटलेली लागत, त्यांचा कोपरा ती दुमडत होती. जिनेश तिकडं बघत होता. वहीच्या मधल्याच एका पानावर तिचा अंगठा थांबला. तिनं तो सावकाश वर नेला, परत खाली आणला. पानाच्या पाठीवर आकडे असे उठले होते, की दोन ठिकाणी कागद फाटला होता.

"हे तिचं," ती हलक्या आवाजात म्हणाली. "सगळ्यांत दाबून लिहिलंय." आणि कोपरा दुमडायला लागली.

जिनेशनं ते पान ओळखलं. दोनदा टोक मोडलेलं पान. न सांगितलं असतं तरी चाललं असतं. तिला कधी कळलं नसतं, आणि तिच्या वाट्याला पोरीचं एक पान जास्त आलं असतं. एकच जास्त.

"ते माझं आहे," तो म्हणाला.

प्रियदर्शनीनं त्याच्याकडं बघितलं. मग परत पानाकडं. तिचा अंगठा त्या फाटलेल्या जागेवर होता.

"इतकं दाबून?"



तिनं दुमडलेला कोपरा सरळ करायला घेतला, अर्धवट केला, आणि तसाच सोडून दिला.